‘सगळंच महत्त्वाचं’ म्हणणाऱ्या माणसाची मूल्यं कशी मोजायची

मूल्यांवर डेझर्टेशन (प्रबंध) करायला आलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न बहुधा असा असतो: ‘प्रामाणिकपणा तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो?’ खाली एक ते पाच. ही प्रश्नावली घेऊन परळच्या चाळीत जा, पवईच्या टॉवरमध्ये जा, नाहीतर विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या वाटा, उत्तर पाचच येणार. प्रामाणिकपणा नको म्हणणारा माणूस मुंबईत अजून जन्माला यायचाय. कुटुंब? पाच. देश? पाच. आरोग्य? पाच. मग तो विद्यार्थी एक्सेलची शीट घेऊन माझ्यापुढे बसतो आणि म्हणतो, “मॅडम, काहीच सिग्निफिकंट येत नाहीये.” म्हणजे योगायोगाच्या पलीकडचा फरकच दिसत नाहीये. कुठून येणार? सगळ्यांनी सगळ्याला होला हो केलंय.

मी एमएच्या मुलांना संशोधनपद्धती शिकवते आणि दरवर्षी यातल्या काही जणांची गाइड असते. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. त्याचं सार एवढंच की मूल्य मोजायचं म्हणजे पसंती मोजायची नाही, प्राधान्यक्रम मोजायचा. माणसाला सुरक्षितता हवी असते आणि स्वातंत्र्यही हवं असतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत तेव्हा तो कुठल्या बाजूला झुकतो, ते आपल्याला पकडायचं आहे. साधन निवडण्यापासून व्हायवापर्यंतचा (तोंडी परीक्षेपर्यंतचा) प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून घ्या.

आधी, आपण काय मोजतोय

मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडावीत का, यावर माणसाचं जे मत असतं ती त्याची वृत्ती. ती एका विशिष्ट गोष्टीबद्दल असते. निसर्ग जपला पाहिजे हे त्यामागचं मूल्य असू शकतं, पण ‘रोजचा प्रवास सुरक्षित हवा’ हेही मूल्यच, आणि ते त्याला उलट्या मताकडे नेऊ शकतं. मूल्य प्रसंगाच्या वर असतं. ते घरात, ऑफिसात, निवडणुकीत, लग्न ठरवताना, सगळीकडे सोबत येतं. स्वभाव ही आणखी वेगळी चीज. एखादा अबोल असतो म्हणून त्याला अबोल राहणं मोलाचं वाटतं असं नाही. माणूस कसा आहे हे स्वभाव सांगतो, त्याला काय मिळवण्यासारखं वाटतं हे मूल्य सांगतं. तुमच्या प्रश्नावलीतलं प्रत्येक वाक्य या चाळणीतून काढा. ‘मी वेळेवर पोचतो’ हे वागणं झालं, आणि मुंबईत ते तुमच्यापेक्षा रेल्वेच्या हातात जास्त असतं.

दुसरी गफलत पातळीची. गीर्ट हॉफस्टेडनं आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची लाखावर उत्तरं तपासून जे आकडे काढले ते देशांचे आहेत. भारताचा आकडा उचलून दादरच्या एका बँक कारकुनाला चिकटवता येत नाही. दरवर्षी कुणीतरी हा उद्योग करतोच, म्हणून सांगितलं.

साधन कुठलं घ्यायचं

गॉर्डन ऑलपोर्ट आणि फिलिप व्हर्नन यांनी १९३१ मध्ये ‘स्टडी ऑफ व्हॅल्यूज’ काढली. एडुआर्ड श्प्रांगर या जर्मन विचारवंतानं माणसांचे सहा प्रकार सांगितले होते: सैद्धांतिक, आर्थिक, सौंदर्यवादी, सामाजिक, राजकीय, धार्मिक. त्यावर ती उभी होती. तिच्या १९६० च्या आवृत्तीत एकूण गुण ठरलेले असतात, २४०, आणि ते सहा मूल्यांत वाटले जातात. एकात वाढले की दुसऱ्यात घटणारच. कल्पना उत्तम. पण श्प्रांगरचे सहा प्रकार आज तुमच्या सॅम्पलला पुरतात का, हा प्रश्न उरतो.

मिल्टन रोकीचनं १९७३ मध्ये तीच कल्पना सरळ केली. आयुष्यात काय मिळवायचं अशी १८ मूल्यं, कसं वागायचं अशी १८ मूल्यं, दोन्ही याद्या क्रमानं लावा. सुटता येत नाही, पहिलं एकच आणि अठरावंही एकच. रोकीचच्या छापील फॉर्ममध्ये शब्दांच्या चिकटपट्ट्या असत, काढून पुन्हा दुसरीकडे लावता येतील अशा. ज्येष्ठ माणसांबरोबर काम करायचं असेल तर पत्त्यांएवढी जाड कार्डं करून मांडायला द्या. कागदावर आकडे घालायला कंटाळणारे आजोबा कार्डं हलवायला लागले की रंगतात, आणि हलवताना जे पुटपुटतात ते लिहून घ्या. ‘सुखी कुटुंब’ वर ठेवून ‘मनःशांती’ खाली सरकवताना एक आजोबा म्हणाले होते, “ही मिळाली तर ती कुठली मिळायला.” हे असं तुम्हाला एक ते पाचमध्ये कधीच मिळणार नाही.

क्रमवारीचा तोटा असा की ती आकडेमोडीत अडवते. सगळ्यांची बेरीज सारखीच असल्यामुळे मूल्यांमधली को-रिलेशन्स (एक वाढलं की दुसरं किती वाढतं-घटतं ते आकडे) आपोआप उणेकडे ढकलली जातात. १८ मूल्यं असतील तर सरासरी ओढ उणे १/१७ ची, म्हणजे किरकोळ. सहाच असतील तर उणे १/५, म्हणजे चांगलीच. शिवाय क्रम सांगतो की काय आधी आणि काय नंतर, पण दोघांत अंतर किती ते सांगत नाही.

आज बहुतेकांनी घ्यावं असं साधन म्हणजे शालोम श्वार्ट्झ यांचं. त्यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यांचा आराखडा मांडला. मी तो वर्गात असा सांगते: स्वतःचं स्वतः ठरवणं, नवलाई, मौजमजा, कर्तृत्व, सत्ता, सुरक्षितता, चारचौघांच्या रीतीनं वागणं, परंपरा, आपल्या माणसांची काळजी आणि सर्वांचं भलं. शेवटच्या दोघांत घोळ करू नका. शेजारच्या काकूंना केईएमला घेऊन जाणं हे आपल्या माणसांची काळजी. अनोळखी माणसांना न्याय मिळावा, निसर्ग टिकावा, हे सर्वांचं भलं. चाळीत पहिलं भरभरून असतं म्हणून दुसरंही तेवढंच असेल असं धरू नका.

ही दहा मूल्यं वर्तुळात बसतात, आणि हाच त्यांचा खरा उपयोग. शेजारची मूल्यं एकमेकांशी पटणारी, समोरासमोरची एकमेकांना छेद देणारी. सत्ता आणि कर्तृत्व यांच्या समोर सर्वांचं भलं आणि आपल्यांची काळजी. सुरक्षितता, रीत, परंपरा यांच्या समोर नवलाई आणि स्वतःचं ठरवणं. मौजमजा ही नवलाई आणि कर्तृत्वाच्या मधली. म्हणजे प्राधान्यक्रमाचा झगडा आराखड्यातच आहे, तुम्हाला वेगळा घुसवावा लागत नाही.

श्वार्ट्झ यांची पहिली प्रश्नावली ५६ मूल्यांची आणि जरा जड होती: उणे १ ते ७ असं स्केल, त्यात उणे १ म्हणजे ‘माझ्या मूल्यांच्या विरुद्ध’. कॉलेजात शिकलेल्यांना जमते, बाकीच्यांची दमछाक होते. म्हणून पुढे ‘पोर्ट्रेट व्हॅल्यूज क्वेश्चनेअर’ (पीव्हीक्यू) आली. तिच्यात एकेका माणसाचं दोन ओळींत वर्णन असतं आणि विचारायचं, ही व्यक्ती कितपत तुमच्यासारखी आहे? सहा पायऱ्या, ‘अगदी माझ्यासारखी’ ते ‘अजिबात माझ्यासारखी नाही’. आपल्याला ‘मूल्यं’ विचारताहेत हे समोरच्याला कळतही नाही, आणि हीच तिची खुबी. तिची एक आवृत्ती ४० वाक्यांची आहे. २१ वाक्यांची छोटी आवृत्ती युरोपियन सोशल सर्व्हेत २००२ पासून वापरात आहे. २०१२ मध्ये दहाची बारीक विभागणी करून १९ मूल्यं केली, आणि त्यावर ५७ वाक्यांची प्रश्नावली आहे. एमएच्या डेझर्टेशनला २१ किंवा ४० पुरे. ५७ वाक्यं दुपारी तीन वाजता भरून घ्यायची तर मध्ये चहा द्यावा लागेल.

एक सावधगिरी. आपल्याकडच्या कॉलेजांच्या टेस्ट-लायब्ररीत ‘पीव्हीक्यू’ मागितली की पुष्कळदा शेरी आणि वर्मा यांची, आग्र्याहून प्रसिद्ध झालेली ‘पर्सनल व्हॅल्यू क्वेश्चनेअर’ हातात येते. तिच्यातही दहाच मूल्यं आहेत, पण वेगळी: कुटुंबाची प्रतिष्ठा आणि आरोग्य तिच्यात आहेत, श्वार्ट्झ यांच्यात ती स्वतंत्र नाहीत. ती वाईट नाही. पण एकीची मॅन्युअल, दुसरीचे संदर्भ आणि दोन्हींचं लघुनाव एकच, असा काला करून सबमिट केलेली डेझर्टेशन्स मी वाचलेली आहेत.

वेळच नसेल तर रोनाल्ड इंगलहार्टचा चार पर्यायांचा प्रश्न आहे: देशात सुव्यवस्था राखणं, सरकारी निर्णयांत लोकांना जास्त वाव, भाववाढ रोखणं, भाषणस्वातंत्र्य जपणं. यातले दोन निवडा. दोन मिनिटांत होतं आणि निवड करायलाच लावतं. मात्र तो देशानं काय साधावं हे विचारतो, माणसाला स्वतःच्या आयुष्यात काय हवं ते नाही. व्यक्तिगत मूल्यांसाठी तो एकटा वापरू नका.

मराठीत वाक्यं बसवताना

मूळ प्रश्नावलीची परवानगी ईमेलनं मागा, तो ईमेल जपून ठेवा, आणि आधीचं मराठी भाषांतर कुणी वापरलं आहे का ते शोधा. नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि मग तिन्ही शेजारी ठेवून भांडायचं. रिचर्ड ब्रिस्लिननं १९७० मध्ये ही पद्धत सांगितली, आजही चालते.

पण ती पुरत नाही. शब्द बरोबर येतात आणि अर्थ भलतीकडे जातो. पैसा आणि महागड्या वस्तू असणं कुणाला तरी महत्त्वाचं वाटतं, असं वर्णन सत्ता या मूल्यासाठी येतं. एका विद्यार्थिनीनं ते ओळखीचं व्हावं म्हणून त्यात ‘दागदागिने’ घातलं. लालबागमध्ये पायलटला, म्हणजे आधीच्या चाचणी-फेरीत, एका मावशींनी झटकन ‘अगदी माझ्यासारखी’वर बोट ठेवलं. सत्तेच्या बाकीच्या वाक्यांना त्यांचं उत्तर अगदी खालचं होतं. विचारलं, “मावशी, असं का वाटलं?” तर म्हणाल्या, “सोनं अंगावर असलं की अडीअडचणीला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा पाटल्यांनीच तारलं.” ही सत्ता नव्हे, ही सुरक्षितता. वर्तुळात दोघी शेजारी आहेत हे खरं, पण एकीच्या खात्यातले गुण दुसरीत गेले की तुमचा मीन (सरासरी) बिघडला. दागदागिने काढले, वाक्य सुधारलं.

म्हणून पायलट म्हणजे नुसते वीस-पंचवीस फॉर्म भरून आल्फा (वाक्यं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढणं नव्हे. काही जणांच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याला ‘असं का?’ विचारायचं. त्यात वेगवेगळ्या वयाची, वस्तीची, शिक्षणाची माणसं हवीत. आपल्या मैत्रिणी नकोत, त्यांना तुमचा विषय पाठ असतो.

वर्णनातला माणूस पुरुष की बाई? मूळ प्रश्नावलीतच स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या प्रती आहेत. मराठीत काही जण ‘त्यांना’ वापरून दोन प्रतींचा खर्च वाचवतात. तसं केलं की वर्णनातला माणूस वयानं मोठा, मान द्यायचा असा होतो, आणि एकोणीस वर्षांच्या पोराला वाटतं की आपल्याला कुणा काकांबद्दल विचारताहेत. ‘त्याला’ आणि ‘तिला’ अशा दोन प्रती छापा. ज्येष्ठांसाठी आदरार्थी तिसरी केलीत तर उत्तम, फक्त तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

प्रश्नाची दिशाही बदलू नका. ‘ही व्यक्ती कितपत तुमच्यासारखी आहे’ असंच विचारायचं, ‘तुम्ही कितपत या व्यक्तीसारखे आहात’ असं नाही. पहिल्यात लक्ष वर्णनात दिलेल्या एका गोष्टीवर राहतं. दुसऱ्यात माणूस स्वतःचं अख्खं चरित्र उघडून बसतो.

माणसांपुढे बसताना

सकाळी पाण्याच्या वेळेला चाळीत पाऊल टाकू नका. दुपारी जेवणं आटोपून पडायची वेळ टळली की जा. गिरगाव-लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत डेटा गोळा करू नका. मूल्यं दहा दिवसांत बदलत नाहीत, पण परंपरेच्या वाक्यावरचं बोट त्या दिवसांत नक्की सरकतं. लोकलमध्ये फॉर्म वाटायचा मोह सगळ्यांना होतो. घाटकोपरला उतरणारी बाई कुर्ल्यापासूनच दाराशी उभी असते, तिनं केलेल्या खुणा फॉर्म संपवण्यासाठी असतात.

खोलीत आणखी कोण आहे याची नोंद ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाई शेजारी बसल्या असतील तर परंपरेच्या वाक्याला सून काय उत्तर देणार? आणि खरं म्हणजे सासूबाई तरी सुनेसमोर मौजमजेच्या वाक्याला काय म्हणणार? शक्य असेल तर गॅलरीच्या टोकाला, देवळाच्या ओट्यावर बसा. फॉर्म ज्याचा त्यानं भरावा. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, पण उत्तर त्यांनी कार्डावर बोटानं दाखवावं, तोंडानं बोलायला लावू नका. भिंती पातळ असतात.

सहा पायऱ्यांचं स्केल वयस्कर माणसांना त्रास देतं, दोन्ही टोकंच निवडली जातात. दोन टप्प्यांत विचारा. आधी: ही तुमच्यासारखी, की नाही? मग: अगदी, बरीचशी, की थोडीशी? उत्तर सहात आपोआप बसतं.

गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला की दोन दिवसांत शंभर उत्तरं येतात हे मला माहीत आहे. ती सगळी तुमच्याच वयाची, तुमच्याच बॅचची आणि त्यांच्या चुलतभावंडांची असतात. विषय ‘कॉलेजवयीन मुलांची मूल्यं’ असेल तर चालेल. ‘मुंबईकरांची मूल्यं’ असं शीर्षक लावून ते सबमिट करू नका.

सॅम्पल किती? को-रिलेशनचा आकडा स्थिर व्हायला अडीचशेच्या आसपास माणसं लागतात, असं शोनब्रोट आणि पेरुजिनी यांनी २०१३ मध्ये दाखवलं. मूल्यांची को-रिलेशन्स मुळात लहान असतात, तेव्हा साठ जणांवर मोठं काही बोलायला जाऊ नका.

आकडे हातात आल्यावर

इथे घाई करणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे दिशा तपासा. युरोपियन सोशल सर्व्हेच्या कोडिंगमध्ये १ म्हणजे ‘अगदी माझ्यासारखी’ आणि ६ म्हणजे ‘अजिबात नाही’. तुम्ही त्याच पद्धतीनं भरलं असेल तर सगळं उलटवा, म्हणजे मोठा आकडा जास्त महत्त्वाचा ठरेल. न उलटवता निष्कर्ष काढला तर परळमधल्या सगळ्या आज्या थरार शोधताना दिसतील.

मग फॉर्म गाळा. २१ वाक्यांच्या आवृत्तीत पाचपेक्षा जास्त वाक्यं कोरी असतील, किंवा सोळापेक्षा जास्त वाक्यांना एकच उत्तर असेल, तर तो फॉर्म बाजूला ठेवायचा. किती बाजूला ठेवले ते लिहायचं.

आता मूळ मुद्दा. काही माणसं सगळ्यालाच वरचे आकडे देतात, काही हात आखडता घेतात. दोन उत्तरं घेऊन दाखवते, आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत. एक काकू: सुरक्षिततेचा मीन ५.५. एक तरुण: सुरक्षिततेचा मीन ४.५. वरवर पाहता काकूंना सुरक्षितता जास्त प्यारी. आता दोघांच्या सगळ्या २१ उत्तरांचा मीन काढा. काकूंचा ५.२, त्यांनी सगळ्यालाच भरभरून दिलंय. तरुणाचा ३.४. वजा करा. काकूंची सुरक्षितता अधिक ०.३, त्यांच्या स्वतःच्या सरासरीच्या जेमतेम वर. तरुणाची अधिक १.१. त्याच्या आयुष्यात ती बाकी सगळ्याला मागे सारून बसली आहे. प्राधान्यक्रम विचारत असाल तर सुरक्षिततेसाठी दुसरं काही सोडून देणारा तो आहे, काकू नव्हेत.

याला सेंटरिंग म्हणतात. एक्सेलमध्ये प्रत्येक माणसाच्या ओळीच्या शेवटी त्याच्या सगळ्या उत्तरांचा अ‍ॅव्हरेज काढा, आणि दहाही मूल्यांच्या मीनमधून तो वजा करा. सगळ्या वाक्यांचा अ‍ॅव्हरेज घ्यायचा, दहा मूल्यांच्या मीनचा नव्हे. २१ मध्ये ‘सर्वांचं भलं’ची तीन वाक्यं आहेत आणि बाकीच्यांची दोन-दोन, त्यामुळे दोन्ही अ‍ॅव्हरेज एक येत नाहीत. कच्चे रकाने पुसू नका, सेंटर केलेले शेजारी वेगळ्या नावानं ठेवा.

सेंटर केलेले गुण कुठे वापरायचे? गटांची तुलना करताना, आणि मूल्यांचा दुसऱ्या कशाशी संबंध पाहताना. मल्टिडायमेन्शनल स्केलिंगनं (मूल्यांमधली अंतरं नकाशासारखी मांडणाऱ्या तंत्रानं) वर्तुळ काढताना किंवा कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिसला (आधी ठरवलेली वाक्यांची गटवारी डेटात बसते का ते तपासताना) कच्चे गुण वापरायचे. एक्सप्लोरेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस (गट आधी न ठरवता डेटातून शोधणारं तंत्र) या साधनाला लावूच नका. आराखडा वर्तुळाचा आहे, आणि ते तंत्र वर्तुळाचे तुकडे करून हातात देतं. तसंच सेंटर केलेली दहाही मूल्यं एका रिग्रेशनमध्ये (अनेक आकड्यांवरून एका गोष्टीचा अंदाज काढणाऱ्या गणितात) कोंबू नका. नऊ कळली की दहावं जवळपास ठरलेलंच असतं, आणि एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तुम्हाला विचित्र उणे चिन्हं दाखवायला लागतं. ज्यांच्याबद्दल अंदाज बांधला आहे तेवढीच घाला.

अंदाज बांधायचा तो वर्तुळ बघून

समजा तुमचा विषय आहे सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करण्याकडे लोकांचा कल. दहा मूल्यांची दहा को-रिलेशन्स काढून ज्याला सिग्निफिकंटचा तारा दिसेल त्याबद्दल लिहायचं, ही पद्धत बंद करा. आधी सांगा: सगळ्यात वरचं नातं सर्वांच्या भल्याशी असेल, सगळ्यात खालचं सत्तेशी. मग वर्तुळाच्या दोन्ही अंगांनी आकडे वरून खाली हळूहळू उतरत जायला हवेत. दहाच्या दहा आकडे वर्तुळाच्या क्रमानं मांडून आलेख काढा, लाटेसारखा आला पाहिजे. एखादा आकडा सिग्निफिकंट नसला तरी तो लाटेत जागेवर असेल तर तुमचा सिद्धांत उभा आहे. जागा सोडून उडाला असेल तर तिथे थांबा. ते वाक्य मराठीत फसलं असेल, नाहीतर तुमच्या वस्तीत खरंच काही वेगळं चाललं असेल. सोसायटीनं दंड लावला असेल, तर रीत पाळणाऱ्यांचा आकडा वर चढेल आणि त्याचा निसर्गप्रेमाशी संबंध नसेल.

वागण्याचं मोजमापही घेणार असाल तर आशा बेतानं ठेवा. अनत बार्डी आणि श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये दाखवलं की परंपरा आणि नवलाई यांचं वागण्याशी नातं ठळक दिसतं, तर सुरक्षितता, रीत, कर्तृत्व आणि आपल्यांची काळजी यांचं फिकं. ज्या गोष्टी लोकलज्जेनं सगळेच करतात, त्यात मूल्य असलेला आणि नसलेला वेगळा ओळखू येत नाही. शेजारी वारले तर चाळीतला प्रत्येक जण खांदा द्यायला उभा राहतो. मंगळवारी पहाटे चालत सिद्धिविनायकाला सगळे जात नाहीत.

व्हायवात हमखास येणारे प्रश्न

आल्फा. परीक्षक म्हणणार, ०.७ च्या खाली आहे, टेस्ट विश्वासार्ह नाही. दोन वाक्यांचं मूल्य, आणि ती दोन वाक्यं मुद्दाम त्या मूल्याच्या वेगवेगळ्या बाजू पकडणारी. आल्फा कमी येणारच. हे नम्रपणे सांगा आणि पुढचं पान उघडा, जिथे दहा मूल्यं चार मोठ्या गटांत एकत्र करून काढलेला आल्फा असेल. तिथे वाक्यं जास्त असतात, आकडा चढतो. ते पान आधीच तयार ठेवा. २१ वाक्यांत काही शेजारची मूल्यं एकमेकांपासून नीट सुटत नाहीत हेही कबूल करा. डाविडोव्ह, श्मिट आणि श्वार्ट्झ यांना २००८ मध्ये युरोपच्या डेटावर काही जोड्या एकत्र कराव्या लागल्या होत्या: परंपरा-रीत, सत्ता-कर्तृत्व, सर्वांचं भलं-आपल्यांची काळजी.

दोन गटांची तुलना केली असेल, उदाहरणार्थ मराठी फॉर्म भरलेले आणि इंग्रजी फॉर्म भरलेले, तर विचारतील की प्रश्न दोघांना सारखाच कळला कशावरून? मेझरमेंट इन्व्हेरियन्स, म्हणजे साधन दोन्ही गटांत सारखंच मोजतंय का हे, तपासला असेल तर कुठल्या पातळीपर्यंत टिकला ते सांगा. स्केलरपर्यंत, म्हणजे दोन्ही गटांच्या सरासऱ्या थेट ताडून पाहता येतील त्या पातळीपर्यंत, टिकला नसेल तर मीनची तुलना मागे घ्या, नात्यांची तुलना ठेवा.

आणि शेवटी कुणीतरी विचारतंच: “तुमच्याकडे सत्ता सगळ्यात खाली आली, आपल्यांची काळजी सगळ्यात वर. म्हणजे मुंबईकर इतका निःस्वार्थी?” मान डोलावू नका. श्वार्ट्झ आणि बार्डी यांनी २००१ मध्ये अनेक देशांचा डेटा पाहिला तेव्हा साधारण हाच क्रम आला: आपल्यांची काळजी, स्वतःचं ठरवणं आणि सर्वांचं भलं वर, सत्ता तळाशी. तुमच्या सॅम्पलमध्ये तो क्रम दिसणं ही मुंबईची बातमी नाही, साधन नीट चाललं याची खूण आहे. बातमी असलीच तर ती फरकात असेल. पुनर्विकासात टॉवरमध्ये गेलेल्यांची सुरक्षितता, अजून चाळीतच असलेल्यांच्या तुलनेत, स्वतःच्या सरासरीच्या किती वर आहे? तोच तक्ता निकालाच्या प्रकरणात पहिला घाला, सेंटर केलेल्या आकड्यांचा, गटवार. कच्च्या मीनचा तक्ता परिशिष्टात जाऊ दे, त्याच्या डोक्यावर ‘सेंटर न केलेले’ असं ठळक लिहून.